काजव्याचा मुखवटा: पुठ्ठ्याच्या ॲनिमेशन मालिकेच्या नोंदी, वडगाव (बेळगाव)

९ जून २०२४
जेवणं झाल्यावर भाचा म्हणाला, "मामा, तीनदा बघून झालं की. आता करूया." 'अवतार: द लास्ट एअरबेंडर'बद्दल चाललं होतं. २००५ ते २००८ मधली ॲनिमेशन मालिका, ६१ भाग. त्याला त्यातल्या लढाया आवडतात, मला त्यातली घरं. जिथं बघावं तिथं घरात काहीतरी झाकून ठेवलेलं. राजपुत्र झुकोची आई एका रात्रीत नाहीशी होते. तोफ नावाच्या आंधळ्या पोरीला आईबाप जगापासून लपवतात, आणि ही बया आईबापापासून लपून आखाड्यात अजिंक्य ठरलेली असते.

तर असलंच काहीतरी आपल्याकडचं करायचं, घरातल्या घरात, मोबाईलवर. माणसं: मी (प्रेसमध्ये डीटीपी करतो, लग्नपत्रिका मराठी-कन्नड दोन्ही), भाचा (कॅमेरा), भाची (आठवीत, चित्रं), शेजारचे टेलरमामा (आवाज), आमची आजी (तिला अजून विचारलेलं नाही). खर्चाचा अंदाज ३,००० रुपये, वेळ दोन महिने. हे आकडे जसेच्या तसे ठेवतोय, पुढं वाचणाऱ्यांना हसायला.

१२ जून
गोष्ट. घाटाखालचा किल्ला, वर राणी, खाली उपाशी गाव. रात्री मुखवटा घातलेला 'काजवा' कोठार फोडतो आणि पोती गावात आणून टाकतो. तानी नावाची पोर त्याच्या मागावर. काजवा निघतो तिचीच आजी. आणि ही आजी म्हणजे राणीची थोरली बहीण, जी मेली असं किल्ल्यावर सांगतात. तीन भाग, प्रत्येकी चार मिनिटं.

पुठ्ठ्याची बाहुली जरा-जरा हलवत एकेक फोटो काढायचा. सेकंदाला १२ फ्रेम, म्हणजे १२ फोटो, धरल्या तर चार मिनिटांना २,८८० फोटो. भाच्यानं हिशेब केला आणि गप्प बसला.

१८ जून
पुठ्ठा. दुकानातला ड्रॉइंगचा पुठ्ठा पावसाळी हवेत रात्रीत पापडासारखा वळला. ३०० रुपये पाण्यात. टेलरमामांच्या ओळखीचा एक मागवाला आहे, त्याच्याकडं जेकार्डचे जुने पत्ते पोत्यात पडून होते. साडीच्या काठाची नक्षी ज्यावर भोकं पाडून ठेवतात ते पत्ते. कडक असतात, दमट हवेला दाद देत नाहीत, आणि फुकट मिळाले.

भोकांचं काय करायचं हा प्रश्न होता, पण तीच कामाला आली. ओळीत, एकसारख्या अंतरावर असतात. पार्श्वभूमीचे डोंगर पत्त्यांवर चिकटवले, खाली टाचण्या रोवल्या, आणि प्रत्येक फोटोला एक भोक सरकवलं की डोंगर सारख्या वेगानं मागं जातात. आधी हे पट्टीनं मोजून करायचो तेव्हा डोंगर उचकी लागल्यासारखे चालायचे.

२ जुलै
सांधे. खांदा, कोपर, गुडघा जोडायला टेलरमामांनी टिचबटणं दिली. दिसायला झकास, पण हात हलवला की अख्खी बाहुली हलते, आणि बटण दिव्याखाली चमकतं. दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी चामड्याच्या बाहुल्यांसारखं केलं: सुती दोरा ओवायचा, दोन्हीकडं गाठ मारायची. गाठ फार आवळली तर हात अडतो, सैल ठेवली तर लोंबतो. चौथ्या-पाचव्या गाठीला हात बसतो.

चामड्यावरनं आठवलं. आपल्याकडं कर्नाटकात तोगलू गोंबे, म्हणजे चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करणारे किळ्ळेक्यात लोक आहेत. खेळ कन्नडमध्ये, पण घरात मराठीच्या वळणाची बोली. पडद्यापुढं एक भाषा आणि मागं दुसरी. हे भाचीला सांगितलं तर म्हणाली, "मग आपल्या प्रेससारखंच की."

९ जुलै
फोटो एकामागनं एक चालवले तर पडदा लुकलुकायला लागला, एक फ्रेम पिवळी, एक निळी, मध्येच काळा पट्टा. तीन कारणं निघाली, तिन्ही आमचीच.

खिडकी उघडी होती. ढग आला-गेला की रंग बदलायचा. खिडकीला काळं कापड लावलं.

मोबाईल प्रत्येक फोटोला उजेड आणि रंग आपल्या मनानं ठरवत होता. कॅमेऱ्यात दोन्ही लॉक करायचे, काम संपेपर्यंत हात लावायचा नाही.

पट्टा स्वस्तातल्या एलईडीमुळं. आपली वीज ५० हर्ट्झची, असला दिवा सेकंदाला शंभर वेळा मिचमिचतो. शटर १/५० वर (सेकंदाचा पन्नासावा भाग उघडं) ठेवलं की दर फोटोत दोन पुरे मिचके येतात आणि पट्टा जातो. हे कळायला आठवडा गेला, दिवे आणि होल्डर दुसरे आणले, ४६० रुपये.

१४ जुलै
आवाज. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना यंत्रमाग. दिवसा रेकॉर्डिंग केलं तर राणीच्या संवादामागं खटॅक-खटॅक. गोधडीखाली मोबाईल धरून बघितला, कपाटात तोंड घालून बघितलं. टेलरमामा कपाटात बसून "कोण आहे तिकडं" ओरडले तेव्हा त्यांची बायको बघायला आली.

शेवटी जे सापडलं ते सांगतो: लाईट जायची वाट बघायची. लाईट गेली की माग थांबतात, पंखा थांबतो, अख्खी गल्ली गप्प होते. मोबाईल बॅटरीवर, संवादाचे कागद टॉर्चवर. पावसाळ्यात वाट फार बघावी लागत नाही. फक्त सगळ्यांनी हाकेच्या अंतरावर राहायचं. लाईट गेली की भाचा अंगणातनं ओरडतो, "चला, स्टुडिओ चालू झाला!"

२३ जुलै
पहिला दीड मिनिट गल्लीतल्या पोरांना दाखवला. काजवा भिंतीवर चढला, आणि दहाव्या सेकंदाला एक पोरगं म्हणालं, "ही म्हातारी की!"

कसं कळलं? बुगडी. भाचीनं आजीच्या कानाला बुगडी काढली होती आणि सवयीनं मुखवट्याखाली काजव्यालाही काढली. दुसरं म्हणजे आवाज. आजीचा आणि काजव्याचा, दोन्ही टेलरमामांचेच, नुसते जाड-बारीक केलेले.

रात्री परत 'अवतार'च्या पहिल्या सीझनचा तेरावा भाग लावला. निळा मुखवटा घातलेला कुणीतरी आंगला, म्हणजे मालिकेच्या नायकाला, तुरुंगातनं सोडवतो. या वेळी वही घेऊन बसलो. तो मुखवटेवाला अख्ख्या भागात एक शब्द बोलत नाही. आवाजच नाही म्हटल्यावर ओळखणार कशावरनं? शेवटी डोक्याला बाण लागून तो पडतो, आंग मुखवटा उचलतो आणि खाली झुको. आंगला आणि आपल्याला एकदमच कळतं.

काजव्याचे सगळे संवाद कापले. १२ ओळी. टेलरमामा रुसले, कारण त्यातल्या आठ त्यांनी पाठ केल्या होत्या. बुगडी असलेल्या फ्रेम पुन्हा काढायच्या, २६०.

३० जुलै
आज काम कमी, वाद जास्त, पण या वादातनं जे निघालं त्यानं पुढचे हाल वाचले, म्हणून सविस्तर लिहितो.

भाचा म्हणत होता, दोन्ही गुपितं शेवटपर्यंत झाकायची, मग दाणकन उघडायची. मी म्हटलं, कर्णाचं काय मग? कर्ण कुंतीचा पोरगा हे ऐकणाऱ्याला पहिल्यापासून ठाऊक. कर्णाला युद्धाच्या तोंडावर कळतं, अर्जुनाला तो मेल्यावर. तो अर्जुनावर बाण लावतो तेव्हा आपला जीव खालीवर होतो, तो आपल्याला ठाऊक असतं म्हणूनच. बृहन्नडा विराटाच्या पोरीला नाच शिकवते तेव्हा हसू येतं तेही तसंच.

भाच्यानं तिसरा प्रकार काढला. 'अवतार'च्या तिसऱ्या सीझनच्या सहाव्या भागात आंगच्या आधीचा अवतार रोकू आणि जुना राजा सोझिन यांची दोस्ती कशी मोडली ते आंग एकीकडं ऐकतो, झुको दुसरीकडं वाचतो. आपण ती जुनी गोष्ट म्हणून बघत बसतो. शेवटी तुरुंगातला काका झुकोला सांगतो की सोझिन तुझ्या बापाचा आजोबा, आणि रोकू तुझ्या आईचा. म्हणजे सगळी माहिती आपल्यापुढं होती, फक्त ती झुकोच्या घरची आहे हे ठाऊक नव्हतं.

मग प्रेसमधलं एक जुनं जॉब रजिस्टर आणलं. आडवी पहिल्या भागातली दृश्यं १ ते १६, उभी पात्रं: तानी, आजी, राणी, पहारेकरी, गाव. प्रत्येक चौकटीत खूण: ठाऊक, संशय, काहीच नाही. आणि सगळ्यात खाली एक ओळ जी आधी सुचलीच नव्हती: बघणारा. पानाला नाव दिलं 'कुणाला काय ठाऊक'.

भरायला तासभर लागला आणि तासाभरात तीन भोकं सापडली. दृश्य ९ मध्ये तानी राणीला "धाकटी आजी" म्हणते, पण नातं तिला कळतं १४ मध्ये. पहारेकऱ्याला काहीच ठाऊक नसताना तो आजीला वाट सोडतो. गावाला काजवा कोण ते ठाऊक आहे की नाही हे आम्हीच ठरवलेलं नव्हतं. दृश्य ९ चं शूटिंग झालं होतं, २१० फ्रेम, दोन संध्याकाळी. हे रजिस्टर जूनमध्ये केलं असतं तर! तुम्ही करणार असाल तर पहिला पुठ्ठा कापायच्या आधी करा.

शेवटी असं ठरलं: मुखवट्यामागं कोण हे बघणाऱ्याला तानीबरोबरच कळेल. आजी मूळची कोण हे बघणाऱ्याला तानीच्या आधी कळायला पाहिजे. कसं, ते सुचलेलं नाही. भाचा म्हणतो अंगठी दाखवू. मी म्हटलं, अंगठ्या दाखवून लोक कंटाळले.

४ ऑगस्ट
मोबाईल भरला म्हणून भाच्यानं कार्ड फॉरमॅट केलं. ६४० फ्रेम गेल्या. बोललो नाही त्याच्याशी.

५ ऑगस्ट
हार्ड डिस्क, सेकंडहँड, २,४०० रुपये. नवीन कार्ड ६००. रोज रात्री कॉपी, मग झोप. बोललो त्याच्याशी.

११ ऑगस्ट
आजीचा आवाज. "मला कशाला ओढतोस त्यात" म्हणत तयार झाली. वय शहाऐंशी, आवाज अजून खणखणीत. तिचं काम एवढंच: दृश्य ६, तानीची आजी अंधारात शेंगा फोडताना दाणे मोजते. "एक, दोन, तीन" वीसपर्यंत.

लाईट संध्याकाळी सातला गेली. पहिल्या वेळी ती वाचल्यासारखं बोलली. दुसऱ्या वेळी खोकला. तिसऱ्या वेळी माझा फोन वाजला. चौथ्या वेळी तिला म्हटलं, खरंच शेंगा घे आणि फोड, आमच्याकडं बघू नकोस. टॉर्च बंद केली. टरफलाचा आवाज, आणि मग ती भराभर मोजायला लागली: "ओंद, एरड, मूर, नाक, ऐद…"

आता बेळगावात कन्नड कुणाला येत नाही? बाजारात आम्ही सगळेच बोलतो. पण आजी बोलत नाही. बसमध्ये कंडक्टरशी बोलायचं तरी ती मला पुढं करते. "मला कुठं येतंय" म्हणते, आणि आम्ही जन्मापासून ते खरं धरून चाललोय. आणि इथं ती वीसच्या पुढं जाऊन तीसपर्यंत मोजून थांबली, न अडखळता.

भाचा हसला. "पणजी, कन्नडात मोजलीस की!" ती काही बोलली नाही. टेलरमामा हळूच म्हणाले, "मोजणं आणि शिव्या, दोन्ही लहानपणीच्याच भाषेत येतात बघा."

लाईट आली, माग सुरू झाले, ती उठून आत गेली.

१२ ऑगस्ट
सकाळी चहा देताना तिनं आपण होऊन सांगितलं. आम्हाला तिचं माहेर खानापूर म्हणून ठाऊक. ते तिच्या मावशीचं घर. आईबापाचं घर मलप्रभेच्या पलीकडं, सगळं कन्नड. आई गेली, मावशीनं आणलं, आणि १९५४ मध्ये लग्नात ताटातल्या तांदळांवर नवीन नाव लिहिलं तेव्हा जुनं नाव गेलं आणि भाषाही त्याच्याबरोबर गेली. तेव्हा बेळगाव मुंबई राज्यात होतं. सासरी कुणी भाषेवरनं बोलू नये म्हणून मावशीनंच सांगून पाठवलं होतं, येत नाही म्हण.

"आजोबांना ठाऊक होतं?"
"त्यांना ठाऊक होतं. बाकी कुणी विचारलं नाही."

लग्नात पोरीचं नाव बदलायचं यात नवीन काही नाही, मी आठवड्याला दोन पत्रिका तरी लावतो. कंसात नवीन नाव घालायचं असेल तर कुठल्या फाँटमध्ये, एवढंच विचारतो. २०१४ मध्ये बेळगावचं बेळगावी झालं तेव्हा घरात केवढी चर्चा. ती म्हणाली, "तेव्हा मला हसू येत होतं. मी साठ वर्षं आधी बदललंय."

भाच्याला हे सांगितलं तर त्याच्या डोक्यात लगेच झुकोची आई. मालिका संपते तरी तिचा पत्ता लागत नाही, झुको बापाला विचारतो आणि तिथंच दृश्य तुटतं. पुढं २०१३ च्या 'द सर्च' या कॉमिकमध्ये ती सापडते: नोरिको या नावानं, चेहरा बदललेली, आधीचं सगळं विसरलेली. भाचा म्हणाला, "पण आपली पणजी विसरलेली नव्हती, मामा." मग बराच वेळ आम्ही डोंगर रंगवत बसलो.

दुपारी रजिस्टर उघडलं तर 'कुणाला काय ठाऊक'मध्ये पेन्सिलीनं एक नवीन ओळ: पणजी. पुढच्या चौकटींत घरातल्या सगळ्यांची नावं. बाकीचा तक्ता दुसऱ्या पानावर उतरवून घेतला आणि ते पान फाडून आजीला नेऊन दिलं. तिनं घडी घालून चंचीत ठेवलं.

विचारलं, मोजलेलं मालिकेत घेऊ का? म्हणाली, "मोजलेलं राहू दे. नाव घालू नको." म्हणून ते नाव इथंही नाही.

१८ ऑगस्ट
अंगठीची भानगड मिटली. दृश्य ६ मध्ये तानीची आजी शेंगदाणे मोजते, कन्नडमध्ये. दृश्य ११ मध्ये राणी खजिन्यातली नाणी मोजते, त्याच भाषेत, त्याच चालीत, पाचाच्या आकड्यावर तसंच थांबून. बघणाऱ्याला कळतं. तानी ११ मध्ये तिथं नसतेच. रजिस्टरमधली 'बघणारा'ची ओळ पहिल्यांदा बरोबर जुळली. राणीचा आवाजही आजीचाच घेतला, बहिणी आहेत म्हटल्यावर आवाज सारखा असणं बरंच.

एक गोष्ट लक्षात आली नव्हती. कोल्हापूरच्या आत्तेबहिणीला हा तुकडा पाठवला तर तिनं विचारलं, "ती म्हातारी कसला मंत्र म्हणते?" वडगावातल्या पोराला जे एका सेकंदात कळतं ते निपाणीच्या पलीकडं मंत्र होतं. चालेल असं ठरवलं. तिला मंत्र वाटला तरी दोघी एकच मंत्र म्हणतात एवढं तर तिला कळलं.

७ ते १७ सप्टेंबर
गणपती. काम शून्य. आरतीच्या ताटाला जागा पाहिजे म्हणून सेट पलंगाखाली. विसर्जनानंतर काढला तर उंदरांनी किल्ल्याचा बुरूज खाल्लेला, खळीच्या वासानं. बुरूज परत केला, यावेळी फेव्हिकॉलनं.

२९ सप्टेंबर
पहिला भाग जोडून झाला. ४ मिनिटं १० सेकंद, ३,००० फ्रेम. गेलेल्या, फेकलेल्या धरून काढल्या ४,१००च्या वर. एका संध्याकाळी शंभरेक फ्रेम निघतात, म्हणजे आठ सेकंद. दिवस वाईट असेल तर चाळीस.

खर्च: स्टँड ७००, दिवे ४६०, पुठ्ठा-रंग-फेव्हिकॉल १,१५०, कार्ड ६००, हार्ड डिस्क २,४००. प्रोजेक्टर एका रात्रीसाठी भाड्यानं ९००, तो पुढच्या आठवड्यात. एकूण ६,२१०. चहा-भज्यांचा हिशेब टेलरमामांनी ठेवलाय, तो ते दाखवत नाहीत.

१३ ऑक्टोबर
काल दसरा झाला. आज रात्री गल्लीत पांढऱ्या चादरीवर लावला. पोरं पुढं, बायका ओट्यावर, आजी खुर्चीत. दृश्य ६ आलं, चादरीवरची म्हातारी मोजायला लागली, आणि पुढं बसलेली पोरं तिच्याबरोबर मोठ्यानं मोजायला लागली, "ओंद, एरड". हे आम्ही ठरवलेलं नव्हतं. ११ ला राणीनं तोंड उघडताच एक पोरगी उभी राहून म्हणाली, "बहीण आहे ती तिची!" भाच्यानं माझ्या मांडीवर चापट मारली, अजून दुखतेय.

संपल्यावर आजीला विचारलं, कसं झालं.

"ती म्हातारी किल्ल्यातनं परत येताना पदर उजव्या खांद्यावर गेलाय."

भाचीनं जीभ चावली. परतीचं दृश्य, १४. म्हातारीचं तोंड उलटीकडं करायला बाहुली नुसती पालथी घातली होती, मागनं रंगवलेली. साडीसकट सगळं उलटं झालं. इतक्या वेळा बघून आमच्या एकाच्याही ध्यानात आलं नाही.

"किती फोटो आहेत ते?"
"एकशे दहा."
"मग करा की परत," म्हणाली आणि काठी शोधायला लागली.

उद्यापासून दृश्य १४.